किजुक्ताकचा चहा

५ ऑगस्ट

खोटं बोलले. तेही आत्याशी!

सकाळी तंबूत पडल्या पडल्या म्हणाली, "सीपोरा, किजुक्ताक जाळून चहा कर ना गं. स्टोव्हवरच्या चहाला काय चव!" दिसत नाही तिला आता फारसं. त्यात दक्षिणेतल्या डॉक्टरांचा घोशा — शहरातल्या वृद्धाश्रमात या. सोमवारी उत्तर द्यायचंय. "मरेन तर इथेच," हे तिचं आजवरचं उत्तर.

उतारावर दगडांच्या आडोशाला किजुक्ताकची झुडपं पसरलीत, इथल्या ध्रुवाकडच्या थंडीत वीतभरही उंच होत नाहीत. रांगत उपटायची. धुकं, डास... आणि खरं सांगायचं तर मला ती ओळखूही येत नाहीत! माझ्या वयाच्या सगळ्याजणी ओळखतात. मी शाळेला दक्षिणेत होते.

खडकामागे जाऊन स्टोव्हच पेटवला. "घे आत्या, किजुक्ताकवरचा."

दोन घोट घेतले तिने. कप खाली ठेवला. "छान झालाय," म्हणाली.

६ ऑगस्ट

शेजारच्या तंबूतली उलायुक बायकांसोबत मासे वाळत घालत होती. "काल चहाला एवढा उशीर?" मी म्हटलं, झुडपं ओली होती, पेटेचनात. हसतच सुटली. "अगं बये, ते भिजलेलंही पेटतं! पावसात आम्ही दुसरं काय जाळतो? कुणाला बनवतेस?"

सगळ्या बायकांसमोर! कानशिलं तापली. आत्याला सांगू नकोस म्हणून विनवलं तिला. "मी कशाला सांगू? तूच सांग," म्हणाली.

७ ऑगस्ट

सांगायचं होतं. नाही सांगितलं. भित्री कुठली!

८ ऑगस्ट

उलायुकला विचारून घेतलं — पांढरी, घंटेसारखी फुलं — आणि एकटीच वर गेले. गुडघे सोलवटले, पण पोतं भरलं. ठरवलं होतं, पेटवायचं आणि मग सगळं कबूल करायचं.

परतले तर आत्या सामान बांधतेय! वृद्धाश्रमाला होकार कळवलाय, आजच्या होडीने गावी, उद्याचं विमान. कसंबसं म्हटलं, किजुक्ताक आणलंय, चहा करते. "नको गं पोरी, उगाच वाया घालवू नकोस." आमच्या रीतीने निरोपाला गालाला नाक लावून हुंगलं मला, आणि गेली. आत्तासुद्धा तोंड उघडलं नाही माझं! लाज वाटते, लाज.

९ ऑगस्ट

विमान गेलं असेल. उलायुकला आत्या निघताना म्हणाली होती, "पोरीने एवढं किजुक्ताक जाळलं, मला धुराची चवही लागली नाही. डोळे गेले, आता जीभही गेली. मग इथे राहून काय करू?"