दीपगृह कुठल्या बाजूला?

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लष्कराने तुझं जुनं नोकरीचं बेट सोडलं, लोकांसाठी खुलं झालं, तशी मी कॅमेरा घेऊन पोचलेच. तुझ्या भिंतीवरच्या फोटोत वहिनी उभी आहे, त्याच गच्चीतून हा फोटो काढलाय. पुढे खाडी, पलीकडे अख्खं शहर. माझी टोपी मात्र वाऱ्याने सरकारजमा केली.

गुडघ्यांना जप. माझ्यावर तुझी माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझी बारकी

९ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. उ. आ.

फोटो झकास, पण जागा भलतीच. दीपगृह डाव्या हाताला होतं, तू उजवीकडे दाखवतेस. मी तिथे नोकरी केलीय की तू?

चेष्टा राहू दे. परवा किल्ली फ्रिजमध्ये सापडली. तेव्हापासून मुलगा म्हणतो, बाबांना विसर पडतोय, एकटं ठेवायचं नाही, आमच्याकडे नेतो. हे घर सोडायच्या कल्पनेनेच धास्ती वाटते. दीपगृहाचंही मीच विसरलो नाही ना, पुन्हा जाऊन नीट बघ.

दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. शहराच्या बाजूला तेवढी एकच गच्ची आहे. पहारेकरी म्हणाला, दीपगृह काही जागचं हललेलं नाही. माझंच डोकं चक्रावलं. तू थापा मारत नाहीस आणि कॅमेराही नाही.

परतीच्या बोटीत सुचलं. फोटोत वहिनीचा तीळ कुठल्या गालावर आहे? मला तो डाव्या गालावर आठवतो. ती भाजी निवडायला बसली की मी त्यावर बोट टेकवून पळायचे. फोटोत उजव्या गालावर असेल, तर छापणाऱ्याने निगेटिव्ह उलटी ठेवून डावं-उजवं बदललं आणि तू फोटोच पाठ केलास.

लवकर कळव. लोभ आटू देऊ नकोस.

बारकी

२५ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. उ. आ.

तीळ उजव्या गालावर आहे. आधी हायसं वाटलं, मग फोटोसमोर खुर्ची ओढून बसलो. रोज बघतो, तरी कळलं नाही. ती गेल्यापासून मी तिला फोटोवरूनच आठवत आलो की काय?

सकाळी फ्रेम काढून दाढीच्या आरशासमोर धरली. दीपगृह उजवीकडे गेलं, तीळ डाव्या गालावर आला, आणि बारके, ती आली. शेजारी मी, अर्ध्या गालाला साबण.

मुलगा मला न्यायला आला होता. दारातून बघून त्याला वाटलं, बाबांचं आता पुरतंच बिघडलं. मी त्याला जवळ बोलावून आरशात बघायला सांगितलं. तो आरशाकडे वाकला. मग म्हणाला, आई अशी दिसायची, हे मीही विसरलो होतो.

न्यायचं त्याने पुन्हा काढलं नाही. तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको.

दादा