मूठभर बाया आणि तुरीच्या शेंगा

चि. अश्वजित,

सप्रेम जयभीम. नागपुरात तुझी तब्येत बरी असेल, संपादक वेळेवर जेवू देत असतील अशी आशा. माझे गुडघे दुखतात (तथाकथित नव्हे, खरेच).

तुला ठाऊकच आहे, विहारात सकाळी वंदना झाली की मी बायांना पेपर मोठ्याने वाचून दाखवते. सरकारच्या बाजूचा तुझा पेपर आधी, विरोधकांचा नंतर. कुणाचा रुसवा नको. गेल्या मंगळवारी तुझ्या पेपरात आलं, ‘तथाकथित अन्यायाच्या नावाखाली मूठभर महिलांचा कचेरीसमोर गोंधळ.’ दुसऱ्यात आलं, ‘रणरागिणींच्या एल्गाराने जुलमी प्रशासन हादरले.’ दोन्ही ऐकून तुझी आईच म्हणाली, “कोन्या गावच्या बाया आहेत व ह्या? आपल्याले काहून नाही बलावलं?”

अरे, त्या आम्हीच होतो! बेचाळीस जणी. (तुझ्या मुठीत बेचाळीस बाया मावत असतील तर ती मूठ डॉक्टरला दाखव.) नाल्यावरचा रपटा (तुमच्या पेपरी भाषेत बुटका पूल) श्रावणात वाहून गेला, तेव्हापासून पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या नऊ पोरी घरी आहेत, एवढंच सांगायला गेलो होतो. साहेब जेवायला गेले म्हणून तीन तास पायरीवर बसलो. रिकामं बसायची सवय नाही, म्हणून तुरीच्या शेंगा सोलल्या. गोंधळ म्हणावा तर एवढाच, की शिपाई धरमसिंगही सोलायला बसला. आणि हादरायला साहेब परत तर यायला हवे होते! दोन्ही पेपर उलटेपालटे करून पाहिले, रपटा कुठेच नाही. तुमचे पक्ष तुम्हाला लखलाभ, पण आमचा रपटा कुणी गिळला? मला भयंकर राग आला आहे.

सोमवारी पुन्हा जाणार आहोत. मूठभर म्हणा, रणरागिणी म्हणा, आम्ही जाणारच.

तुझी आत्या,
तुळसाबाई

ता. क. : सोबत बातमी पाठवते. बायांनी सांगितली, मी लिहिली. ‘नाल्यावर रपटा नाही. नऊ पोरींची शाळा बंद आहे. रपटा बांधा.’ एक शब्दही न बदलता सोमवारच्या अंकात छाप.

आणखी एक : मंगळवारची बातमी तुझीच, हे मी ओळखलं. मागच्या पत्रात तूच विचारलं होतंस, ‘आत्याची तथाकथित गुडघेदुखी कशी आहे?’ तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. तुझा पेपर उघडला की ती पदर सावरून पुढे सरकून बसते. सोमवारी निघण्याआधी मी वाचणारच आहे. पेपरात रपटा आला, तर ती बातमी कुणाची ते तिला सांगेन. नाही आला, तर मंगळवारची कुणाची होती ते सांगेन.