मेंढवाड्याखालची विहीर

१२ ऑक्टोबर २००३
आमच्या हनुमानदादाचं बाळ गेलं. चार महिन्यांचं! ओठ, नखं निळी पडली होती. कळमनुरीचे डॉक्टर म्हणाले, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे, पावडरच्या दुधातून पोटात गेलं. मोहिनी वहिनी एकच बोलत होती— "ताई, मी तं पाणी उकळून घ्यायची ना!"
उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट वाढतं. हे तिला सांगितलं नाही. कसं सांगणार?

१५ ऑक्टोबर
सरपंच तातेराव घरी आले. बाबांना म्हणाले, "पुंजाजी, तुमच्या मेंढराच्या लेंड्या विहिरीत झिरपून राहिल्या. वाडा हलवा, न्हाई तं गाव सोडा."
विहिरीच्या एका अंगाला आमचा मेंढवाडा, दुसऱ्या अंगाला तातेरावांची हळद. तिथं पोत्यानं युरिया पडतो. ते कोण बोलणार? मी म्हटलं, "भांडू नका. मी तपासते."
हेच तर माझं मुंबईच्या प्रयोगशाळेतलं काम! नायट्रोजन दोन प्रकारचा, हलका आणि जड; आमचं मशीन ते वेगवेगळे मोजतं. लेंडीतून आलेल्यात जड जास्त, युरियातून आलेल्यात कमी. या भागात हे अजून कुणी केलेलं नाही.
बाबा म्हणाले, "मशीन खरं बोलती का गं, रागिणे?"
"बराबर बोलती, बाबा."
किती हुरूप आलाय मला! बाबांना सोडवणार मी.

२१ नोव्हेंबर, मुंबई
जड.
पुन्हा चालवलं. पुन्हा जड! लेंडीच.
दार लावून रडले. मग डोळे धुतले आणि आकडा लिहिला.

२ डिसेंबर, गाव
शाळेसमोर सगळे जमले. बाबा पुढंच बसलेले, माझ्याकडं बघत. मी सांगितलं. नायट्रेट आमच्याच मेंढरांच्या लेंड्यांचं.
दादा उठून गेला. वहिनी बाबांकडं बघत राहिली. ती नजर!
कुणीतरी म्हणालं, "काय म्हन्नं हाय, पुंजाजी?"
"माझी पोरगी शिकेल हाय," बाबा म्हणाले. "ती म्हन्ती तं खरंच आसंल." एवढंच. काठी शोधत उठले. काठी हातातच होती.

१० डिसेंबर
बाबांनी मेंढरं विकली. सगळी. कळमनुरीच्या बाजारात उभं राहून, भाव न करता.

१६ जानेवारी २००४
संक्रांतीला घरी गेले होते. नको होतं जायला.
बाबा दादाशी बोलत नाहीत. वहिनीच्या हातचा चहा घेत नाहीत. लाज वाटते म्हणे. दिवसभर रिकाम्या वाड्यात बसतात. मी शेजारी जाऊन बसले. बाबा म्हणाले, "माझ्याच पायी गेलं गं ते लेकरू."
मी म्हटलं, "बाबा, तुमाला काय माहीत होतं?"
"मेंढरं माझी होती ना?"


३ मे
बाबा गेले. झोपेतच.

२० मे
कामावर आले. सगळे म्हणतात, कामात मन रमव. परदेशात निघालेली नवी पद्धत आम्ही इथं बसवतोय. नायट्रेटमध्ये नायट्रोजनच्या जोडीला असलेला ऑक्सिजनही मोजायचा. आपल्याकडं पहिल्यांदाच! पूर्वी नाचले असते.

१० ऑगस्ट
पद्धत बसली. फ्रीजरमध्ये आमच्या विहिरीच्या बाटल्या पडून होत्या. त्याच आधी घातल्या.
युरिया.
तीनदा बघितलं. जमिनीखालचे जंतू हलका नायट्रोजन आधी संपवतात, जड मागं उरतो. म्हणून युरियाचं पाणी लेंडीच्या पाण्यासारखं दिसतं. एकटा नायट्रोजन बघणाऱ्याला दिसतं! सोबतचा ऑक्सिजनही तसाच जड झालेला दिसला की फसगत उघडी पडते.
मशीन खोटं नव्हतं. मी अर्धंच विचारलं होतं.

११ ऑगस्ट
गावात शेजाऱ्यांकडं फोन लावून आईला बोलावलं. म्हटलं, "आई, आपल्या मेंढराचं नव्हतं गं. तातेरावाच्या हळदीतलं खत होतं. बाबांचा काहीच कसूर नव्हता."

आई म्हणाली, "मग मेंढरं काहून इकली गं त्यायनं?"