बदल्यात काय?

प्रिय फरीदा,

फोन करायचा सोडून ही बाई कागद खरडत कशाला बसली, असं तुला वाटेल. फोन करता येत नाही म्हणून बसले. आमचे हे शेजारच्या खाटेवर पडून आहेत. उजवं अंग गेलंय, बोलणं गेलंय, पण कान शाबूत आहेत. मी इथे काय बोलते ते सगळं त्यांना ऐकू जातं. नगरच्या डॉक्टरांनी 'घरी न्या, सेवा करा' म्हणून सोडलं. त्याचा अर्थ तुला सांगायला नको. नळीतून पेज घालते, तीही आता नीट जात नाही. थोडेच दिवस राहिलेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना चिडलीस तरी बेताने चिडशील.

पडले कुठे, तर कोठीतच. मिठाचा ड्रम सरकवायला गेले आणि तिथेच आडवे झाले. तू बघितली होतीस ती एक खोली. तू गेल्यावर मधली खोलीही भरली. निळे ड्रम, पत्र्याचे डबे, आढ्याला टांगलेली गाठोडी. आम्ही दोघं पडवीत झोपतो आणि लवंगा, वेलदोडे, मिरी, हळकुंडं आत पलंगावर. संक्रांतीला मी एक डबा उघडून पाहिला. मिरचीला जाळी लागलेली, ज्वारीत सोंडे झालेले, लवंगेला वास म्हणून नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "वास नसला म्हनून काय झालं, येळ आल्यावर लोक हातापाया पडून घेत्याल."

ही वेळ येणार, हे त्यांच्या डोक्यात लॉकडाऊनपासून बसलं. आठवतं ना, बाजार बंद, लोक नोटेला हात लावायला भीत होते. तेव्हा भाजीच्या टेम्पोवाल्याने यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, चहापत्ती आणि मीठ घेतलं आणि कांद्याची गोणी उतरवून गेला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म काढलेला माणूस, माल साठवायची हौस होतीच. वर मोबाईलवर रोज कुणी ना कुणी सांगणारा भेटायचा, की लढाया होणार, वीज जाणार, बँका बुडणार, नोटा चुलीत घालाव्या लागणार. मग ज्याच्याकडे मीठमसाला तो राजा. मी अंगणवाडीतून दमून यायचे आणि ह्या राजाच्या राज्यातले डबे पुसायचे.

तुझे गनीभाई मात्र चेष्टा करायचे. काष्टीच्या बाजारातल्या पालावरून तेच तर माल आणून द्यायचे. एकदा लवंगांची पिशवी यांच्या हातात ठेवून म्हणाले, "छगनराव, दुनिया बुडल्यावर लवंग चघळायला तरी कोन राहनार हाय?" तू पदराआड हसलीस, मी उघड हसले, आणि हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पुढे यांनी सराव सुरू केला. आपल्या आळीत कोण वाटीभर साखर न्यायचं, कोण पीठ, कोण मूठभर डाळ. कधी परत यायचं, कधी राहून जायचं, कुणी विचारत नव्हतं. आता हे दारातच उभे राहायचे आणि वाटी घेऊन आलेल्या बाईला विचारायचे, "बदल्यात काय देता?" पहिल्यांदा लोकांना गंमत वाटली. मग मच्छिंद्रच्या पोरीच्या लग्नात आयत्या वेळी तेल कमी पडलं. सख्खा चुलतभाऊ दारात आला, तर यांनी एका डब्यापायी त्याची चांगली कुदळ आणि पहार ठेवून घेतली. भर लग्नघरातून. त्यानंतर आमच्या उंबऱ्याला वाटी लागली नाही.

आता तुझं बोलते. ते तू कधी काढलं नाहीस, पण मला बोलायला हवं. गनीभाई गेले तेव्हा मी जामखेडला बहिणीकडे होते. निरोप मिळाल्यावर निघाले ती चौथ्या दिवशी पोचले. तुझी चूल बंद, नगरचे पाहुणे आलेले, आणि पहिला डाळ-तांदूळ आमच्या घरून आल्याचं मला आळीतच कळलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, बाबा सुधारला. घरात पाऊल टाकलं तर भिंतीवर गनीभाईंचा पितळी तराजू. म्हणाले, "विजेचे काटे बंद पडतील तवा ह्योच कामाला येनार. डाळ-तांदूळ धाडला व्हता, त्याच्या बदल्यात आनला." मी तो तसाच काढून तुझ्याकडे घेऊन आले, आठवतं? तू बघितलंस सुद्धा नाहीस. "दिलं ते दिलं, बनू," एवढंच म्हणालीस. महिन्याभरात तुझा आकिब तुला नगरला घेऊन गेला आणि तुमच्या दाराला कुलूप लागलं.

मला यांचा राग येतो फरीदा. मरणाऱ्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मला येतो. तोंडाजवळ कान नेला तर बोबडं काहीतरी पुटपुटतात आणि डाव्या हाताने कमरेची कोठीची किल्ली चाचपतात. घसा घरघरला की मी तोच हात धरून बसते. दुसरं काय करू?

गेल्या आठवड्यात मी कोठी उघडली. जे धड होतं ते मीठ, गूळ, चहा पाटीत भरलं आणि आळीत वाटायला निघाले. पहिलं घर मच्छिंद्रचं. त्याची बायको बाहेर आली, पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "बदल्यात काय द्यायचं?" टोमणा असता तर मी भांडले असते. पण ती खरंच विचारत होती. पदराला हात पुसत उभी राहिली, घरात देण्याजोगं काय आहे ते आठवत. मी पुढच्या घरी गेले नाही.

आमचा ओंकार पुण्याहून येऊन गेला, काही झालं की कळव म्हणाला. मच्छिंद्र मातीला येईल, खांदाही देईल, भाऊबंद आहे. पण त्यानंतरचं मला दिसतंय. राख सावडेपर्यंत या घरात चूल पेटणार नाही. दोन खोल्या भरून धान्य आहे, पण कडू घास घेऊन येणारं कुणी नाही. सासूबाईंच्या वेळी पहिलं पिठलं-भाकरी तुझ्या घरून आलं होतं, माझ्या तोंडात घास तूच घातला होतास. म्हणून हे पत्र. हे गेले की ओंकार तुला फोन करील. तू यावंस असं म्हणायचं तोंड मला नाही. आकिबच्या हाती दोन भाकरी पाठव, सोबत काहीही चालेल. बदल्यात मी काही पाठवणार नाही.

तुझीच,
बनू