‘ऊस’ असा शेरा

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज गरोदर बायांची तपासणी. दिवाळीआधी अठ्ठेचाळीस होत्या, आज एकोणीस! डॉक्टर मॅडम नव्या आहेत. म्हणाल्या, “बबनराव, बाकीच्या कुठं गेल्या?”

म्हणालो, “मॅडम, दिवाळी झाली. गेल्या ऊसतोडीला.”

वीस वर्षं केसपेपरची खिडकी सांभाळतोय. हे काय विचारायला लागतं? न आलेल्या एकोणतीस नावांपुढं नेहमीसारखं ‘ऊस’ लिहिलं. तो शेरा पडला की आपल्या दवाखान्याची गाडी त्या बाईला आणायला थांबत नाही. डिझेल वाचतं.

१५ नोव्हेंबर

एकादशी. उपवास. खिडकीवर गर्दी नाही, नामस्मरण निवांत झालं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

 

दुपारी शेजारच्या गावच्या आशा सेविका रुक्मिणीबाई आपल्याकडच्या वनमालाला जीपमध्ये घालून आल्या. रस्त्याकडेला पडलेली दिसली म्हणून! आठवा महिना. पाय सुजलेले, झटके येत होते. मॅडमनी बीपी पाहिलं आणि ओरडल्याच, “बीडला! आत्ताच्या आत्ता!”

यादी काढली. वनमाला — ‘ऊस’. माझंच अक्षर.

ऊसतोडीला तिचा नवरा गेलाय, भावाबरोबर. पोटुशी म्हणून हिला घरी ठेवलं होतं.

सासू, छबुबाई, खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. “कावून वो बबनराव, आमाला तुमीच धाडलं व्हय कारखान्यावर? मला ताप व्हता म्हून पोरीचा एक खाडा झाला. म्होरं दर मंगळवारी फाट्यावर उभी ऱ्हायली. हात केला तरी गाडी थांबली न्हाई!”



२६ नोव्हेंबर

वनमाला वाचली. मूल गेलं.

देवापुढं बसलो. हात जोडवेनात.

२७ नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं! यादीवरून बोट फिरवत एवढंच म्हणाल्या, “आणि बाकीच्या अठ्ठावीस?”

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळीच मोटारसायकल काढली. यादी खिशात. पहिल्याच दारात एक बाई पोटावर हात ठेवून उभी. म्हणाली, “काका, गाडी बंद झाली न्हवं?”

संध्याकाळपर्यंत नऊ घरं झाली. कुलूप चारच घरांना.