खांद्याचा पुरावा

४ मार्च
आज वकीलसाहेबांना भेटलो. झकास माणूस! चपलांच्या दुकानाचं शटर माझ्या उजव्या खांद्यावर कसं कोसळलं, ते अर्धंच ऐकलं आणि म्हणाले की बाकीचं माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त खांद्याला जपा. भरपाई मिळाली की ऑपरेशन, ऑपरेशन झालं की कात्री पुन्हा माझ्या हातात. तोवर माझ्या सलूनमध्ये मेहुणा उभा राहील. आता निर्धास्त.

१९ मार्च
साहेबांना फोन केला. उचलला नाही. बरोबरच आहे. पहिल्या रिंगला फोन उचलणाऱ्या वकिलाकडे काम नसतं.

२ एप्रिल
व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऑपरेशन होईपर्यंत रोज बोटांनी भिंत चढायची, नाहीतर खांदा असा धरेल की ऑपरेशन करूनही उपयोग नाही. मी मनात हसलो. खांदा सुटला तर कोर्टाला दाखवायचं काय, कपाळ? साहेबांनी जपा म्हटलंय ते उगाच नाही. पुरावा आहे तो. व्यायाम आजपासून बंद.

३ एप्रिल, सकाळी
बायकोने विचारलं, भिंत चढलात का. म्हटलं, तुला कायद्यातलं काय कळतं? तिने माझ्या शर्टाची सगळी बटणं लावली, गळ्याचं तेवढं मुद्दाम सोडलं. ते मला लावता येत नाही, हे तिला माहीत आहे.

२५ एप्रिल
संकल्प: आज ऑफिसात जाऊन आवाज चढवायचा.

संध्याकाळी: गेलो. बाहेर बसणाऱ्या ताई म्हणाल्या की साहेब कोर्टात आहेत. तेवढ्यात आतून साहेब शिंकले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. बिचाऱ्यांना सर्दी झालीय. माझ्या केससाठी एवढी धावपळ, बाधणारच. आजारी माणसावर काय ओरडायचं?

१२ मे
मेहुणा म्हणतो, भाऊजी, वकील बदला. वर्षाच्या आत केस दाखल झाली नाही तर हात चोळत बसाल. म्हटलं, चोळायला तरी दोन्ही हात धड हवेत ना! कालचं पोर मला शिकवतंय. शटर पडलं गेल्या जूनच्या शेवटी. अजून ढीगभर वेळ आहे. आणि चालत्या गाडीतून कोणी उतरतं का?

दुपारी सलूनमध्ये बसलो होतो. एका जुन्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, मालक जेवून कधी येणार. मालक म्हणजे मेहुणा.

१० जून
कडक मेसेज पाठवायचं ठरवलं. डाव्या हाताने टाइप करायला दमछाक झाली, म्हणून कडक भाग गाळला. 'साहेब, माझ्या केसचं काय झालं' एवढंच गेलं. लगेच उत्तर! नुसता अंगठा. म्हणजे काम फत्ते. बायकोला कौतुकाने दाखवला. ती म्हणाली, हो, अंगठाच दाखवलाय त्यांनी.

२९ जून
परवा वर्ष झालं. केस दाखल झाली असणारच. सांगायला सवड मिळाली नसेल. सकाळपासून चारदा फोन उघडून पाहिला. किती वाजले ते बघायला.

१४ जुलै
ऑफिसात गेलो. आज बाहेर ताई नव्हत्या. सरळ आत शिरलो. साहेबांनी मायेने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की पहिल्यांदाच येताय ना, काय झालं.

मला वाटलं, गंमत करतायत. करत नव्हते. मग काय करणार, सांगितलं सगळं. शटर, खांदा, न उचललेले फोन. हात वर करून दाखवा म्हणाले. छातीपाशीच अडकला. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. लालबुंद झाले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले की मुदत गेली, दुकानदाराचं आता कोणी वाकडं करू शकत नाही, तुमच्या आयुष्याचं मातेरं केलं त्या वकिलाने. त्याला सोडायचा नाही. त्याच्यावरच केस ठोकू!

माझ्यासाठी आजवर कोणी इतक्या पोटतिडकीने बोललं नव्हतं. रडूच आलं मला.

मग त्यांनी पेन उघडलं आणि त्या नालायकाचं नाव विचारलं. एवढ्या चांगल्या माणसाला तोंडावर कसं सांगणार? म्हटलं, आठवत नाही. आठवलं की फोन करा म्हणाले.

घरी बायको दारातच उभी होती. काय झालं, विचारलं. म्हटलं, वकील बदलला. तिला इतका आनंद झाला की पुढचं काही सांगवलंच नाही.