बसकराची राख

अण्णा, एकच विचारायचं होतं. त्या दिवशी तो मणी मी गिळला, हे तुम्हाला कळलं होतं का? तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला आज पडलाय, एका सिनेमाच्या सेटवर, केळं सोलता सोलता. केळ्याचं नंतर सांगते. आधी मी इथे कशी आले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोरगी नेहमीसारखी मधूनच सुरू झाली.

मी एका जागी टिकेन असं तुम्हाला वाटायचं. नाही टिकले. बेळ्ळंदूरला एका ऑफिसात कुंड्यांना पाणी घालायला होते, तिथल्या खिडकीतून तलावावरचा सांडपाण्याचा फेस बघण्यात अर्धा दिवस जायचा, म्हणून काढलं. मग इलेक्ट्रॉनिक सिटीत खोक्यांवर लेबलं चिकटवली. आता सिनेमावाल्यांच्या आर्ट खात्यात आहे. म्हणजे सामान आणायचं, सामानावर धूळ उडवायची, आणि शॉट संपला की तीच धूळ पुसायची. सिनेमा सोनं शोधणाऱ्यांचा आहे. दोन मित्र ओढ्यात सोनं शोधतात, सापडतं, आणि मग एकमेकांकडे पाठ करून झोपायची त्यांना भीती वाटायला लागते. ‘ही हावेची गोष्ट आहे,’ असं डायरेक्टर रोज सकाळी सांगतात, आम्ही इडली खात असतो.

परवा अडलं. हीरोच्या परातीत सोनं म्हणून पितळेचा कीस टाकला होता. ‘हे तर लग्नाच्या स्टेजसारखं चमकतंय,’ डायरेक्टर ओरडले. ‘खरं सोनं असं दिसतं का?’ मी मागे उभी होते, गप्प राहायचं ना? ‘नाही दिसत सर,’ मी म्हटलं. ‘खरं सोनं आधी मळकटच असतं. आमच्या अण्णांचं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान होतं चिकपेटजवळ. मी काढून दाखवते.’ हीरो हसला. ‘अक्का, कुठून काढणार? दागिना मोडणार का?’ मी म्हटलं, ‘अण्णा दुकानात ज्याच्यावर बसायचे ते बसकर जाळणार.’

त्यांना समजावताना माझीच दमछाक झाली. सोनारांच्या दुकानातला केर आपण धुवायचो, हे त्यांना ऐकूनच खोटं वाटलं. केरसुणी, पायपुसणं, सोनाराचा जुना सदरा, सगळं जाळायचं, राख परातीत धुवायची, खाली बसतं ते टाकणखार घालून मातीच्या मुशीत वितळवायचं. दुकानातून निघताना तुम्ही मला वर्तमानपत्रावर केस विंचरायला लावायचात, तेही सांगितलं. मेकअपवाली म्हणाली, ‘कोंड्यात सोनं?’ आणि तिने खरंच स्वतःचा कंगवा उजेडात धरून पाहिला.

तर तो दिवस. मी सात वर्षांची, तुमच्या बसकराच्या कडेला टेकलेली. समोर म्हातारे सोनार, आपले आचारी, त्यांच्या दुकानाचा वर्षाचा केर धुवायला आलेले. ज्याचा केर त्याचं सोनं, आपली फक्त मजुरी, आणि धुताना मालकाने समोर बसायचं, ही आपली रीत. आचारी कॉफी प्यायला दोन मिनिटं उठले. मूस फोडली होती, सोन्याचा एक मोठा मणी निघाला, एक लहान. लहान मी जिभेखाली ठेवला. का, ते आजही सांगता येत नाही. गरम होता, चवीला काहीच नव्हतं. तुम्ही वळून म्हणालात, ‘तोंडात काय गं?’ ‘काही नाही,’ असं म्हणता म्हणता तो खाली गेला. ‘तोंड उघड.’ उघडलं. काही नव्हतंच.

आचारी परत आले, मणी तळहातावर घेतला. ‘अण्णा, स्वल्प कमी वाटतंय.’ तुम्ही वाद घातला नाही. कानातली बाळी काढलीत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नव्या मुशीत टाकलीत. ‘आमच्या हातून सांडलं असेल, आता सरी, बरोबर झालं?’ आचारी नको नको म्हणत राहिले आणि घेऊनही गेले. तुमचा कान मग शेवटपर्यंत मोकळाच राहिला.

पण पुढचे दोन दिवस तुम्ही मला केळी का आणत होतात? ‘पोट साफ राहतं,’ म्हणालात. आणि नळाला पाणी नाही म्हणून मला मागच्या अंगणात घमेल्यावर बसवायचात. पाणी खरंच नव्हतं का? चिकपेटात नसायचंही, म्हणून मला ठरवता येत नाही. महिन्याने तुम्ही माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक बारीक मणी घातलात. ‘तोंडात घालू नकोस,’ एवढंच बोललात. हे तर कुठलाही बाप कुठल्याही पोरीला सांगतो. तो मणी आत्ताही गळ्यात आहे, दोरा चार वेळा बदलला. तो तोच आहे का, अण्णा? तुमच्या लेखी मी चोर होते, की नुसतंच लहान मूल होते?

तर आज बसकर जाळलं. दुकान सोडताना काकांनी जमीन खणून धुतली होती, पण बसकर आईने मला दिलं होतं. ज्या ज्या खोलीत राहिले तिथे ते गुंडाळून नेलं, एकदा तर महिनाभर त्यावरच झोपले. जाळताना वाटलं की आपण हे काय करतोय, पण तोवर कॅमेरा चालू होता. धुताना मात्र हात आपोआप चालले, मनगट तुमच्यासारखंच वळलं. मूस फोडली. एक मोहरीएवढा, एक मुगाएवढा. आणि मी मुगाएवढा जिभेखाली ठेवला.

कुणापासून लपवत होते? तो माझाच होता. तुमच्या बुडाखाली वीस वर्षं साचलेला, माझ्याशिवाय कुणाचाच नाही. की त्या सगळ्या आचाऱ्यांचा? माझंच सोनं मी चोरलं असं कुणी म्हणेल, पण मग मी मान खाली का घातली? डायरेक्टर वाकून म्हणाले, ‘इष्टेना? एवढंच?’ मी ‘हो’ म्हटलं. ‘हो’ म्हणताना गिळला गेला.

मोहरीएवढ्यालाच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत बघते तर लाइटवाले जेवणाच्या ताटांत ओढ्याची वाळू धूत बसलेत, आणि हीरो त्यांना म्हणतोय, ‘माझ्या जागेवर कुणी धुवायचं नाही हं!’ डायरेक्टरांच्या लक्षात तरी येतंय का, कुणास ठाऊक. मला हसू आलं नाही. मी केळी आणायला गेले.

आईला फोनवर मोहरीएवढाच निघाला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ‘जपून ठेव हो.’ हे पत्र शूटिंगच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. घडी करून खिशात ठेवीन, पँट धुवायला टाकेन आणि विसरेन, मला माझं माहीत आहे. तुमचं उत्तर काय असेल ते उद्या-परवा मणी बाहेर पडल्यावर, तो धुतानाच मला कळलं तर कळेल. म्हणजे सात वर्षांच्या पोरीचं घमेलं कुणी असं धुवेल का, न कळता, उगाच? चौथं केळं खातेय. आणि अण्णा, हीरोची परात मी गुपचूप उचलून खोलीवर आणलीय. कुणाला विचारलं नाही.